जो थांबला नाही, त्यास

मोंतेग्रे, १७ सप्टेंबर २०२३

प्रिय फेलिक्स,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील, तर फाडून टाकण्याआधी निदान एकदा वाच. बावीस वर्षांनी तुला लिहिते आहे. पत्ता सायकल क्लबच्या सेक्रेटरीकडून घेतला. तो म्हणाला, "फेलिक्स ना? ब्रेस्तला असतो, समुद्राकाठी. तिथे वारा इतका, की पेडल मारायला लागत नाही, माणूस आपोआप पुढच्या गावात जाऊन पडतो." अजून तसाच आहे तो. स्वतः बोलतो आणि स्वतःच हसतो.

इथे सगळं ठीक आहे. माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता जिने चढते पण सायकल संपली. नाशपाती यंदा भरपूर आल्या आणि अर्ध्या गांधीलमाश्यांनी खाल्ल्या. लुर्सेलचा रस्ता नवा केला, पण चढ आहेत तेच आहेत. तुम्ही दोघा भावांनी त्यांना ठेवलेली नावं क्लबात अजून चालतात. 'पाद्री', 'सासू', आणि तो संपला संपला म्हणताना न संपणारा, 'खोटारडी'. परवा कोणीतरी बेकरीत म्हणत होतं, "सासूपाशी माझी चेन पडली," आणि पॅरिसहून आलेली एक बाई घाबरून त्याच्याकडे बघायला लागली. मला इतकं हसू आलं, आणि मग घरी येईपर्यंत रडू.

शाळेत सिस्टर आंजेल आम्हाला पत्रलेखन शिकवायच्या. चार बोटं समास, शाईचा डाग नको, आणि म्हणायच्या, "ज्यासाठी पत्र लिहिता ते पहिल्या ओळीत लिहा, मुलींनो. शेवटच्या ओळीत लिहिणारी भित्री." मी भित्रीच राहिले. तर इतकं सगळं झाल्यावर आता लिहिते: अर्माँ विसरायला लागला आहे.

गेल्या मंगळवारी सायकलवरून परत येताना तो दगडी क्रुसापाशी थांबला. आपल्या गेटपासून दोनशे पावलं. दोन्ही पाय जमिनीला टेकून उभा. मला वाटलं दम खातोय. पाव तास झाला तरी उभाच. मी लंगडत गेले. म्हटलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही. कुठला रस्ता जास्त छान आहे ते बघत होतो." तिथून घरी यायला एकच रस्ता आहे, फेलिक्स.

ओदिल


मोंतेग्रे, ८ ऑक्टोबर २०२३

प्रिय फेलिक्स,

तुझं उत्तर नाही. असो. मी लिहीत राहते, तू वाचलं नाहीस तरी पोस्टमनला काम.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. अर्माँने त्यांना आजची तारीख चुकीची सांगितली आणि राष्ट्राध्यक्षांच्या जागी एका मेलेल्या माणसाचं नाव सांगितलं. पण १९७४ मध्ये तुम्ही दोघं चारशे किलोमीटर गेलात त्यातलं प्रत्येक गाव ओळीने सांगितलं. बाई म्हणाल्या, "सायकल सोडवू नका, पाय आणि फुप्फुसं विशीतल्या पोरासारखी आहेत. पण एकट्याने नाही. सोबत कोणीतरी हवं. नाहीतर सायकलला कुलूप."

सोबत कोण देणार? आम्हाला मूल नाही. क्लबात तुमच्या वेळचे तीन उरले, त्यातल्या दोघांच्या हृदयात यंत्र आहे. नव्या पोरांनी एकदा नेलं. चांगली आहेत बिचारी, पण अंगाला चिकटलेले कपडे आणि हँडलवर बोलणारा नकाशा. 'सासू'वर अर्माँ मागे राहिला. ते वर थांबले, हा वेगळ्याच वळणाने खाली गेला. कापणीच्या यंत्रावरच्या माणसाने परत आणून सोडला.

मग मी एक गोष्ट केली. ती तुलाच सांगते, कारण तुला हसूही येईल. रोज सकाळी तो दाढी करत असताना मी शेडमध्ये जाऊन मागच्या चाकातली हवा काढायला लागले. व्हॉल्व्ह दाबायचा आणि फुस्स ऐकत उभं राहायचं, चोरासारखं. वाटलं, कंटाळून बसेल घरी.

तो कंटाळला नाही. चाक काढलं, घमेल्यात पाणी घेतलं, ट्यूब तसूतसूने बुडवून बुडबुडे शोधले. बुडबुडा एकही नाही. मग टायरच्या आतून बोट फिरवलं, डोळे मिटून, काटा शोधत. तुला त्याचं ते बोट फिरवणं आठवत असेल. मी दारात उभी होते. म्हणाला, "फार बारीक काटा आहे, ओदिल. सापडत नाही." आणि खडूने खूण करून चांगल्या ट्यूबवर ठिगळ चिकटवलं.

अकरा ठिगळं झाली. अकराव्या दिवशी तो मला म्हणाला, "म्हातारा झालो बघ मी. पंक्चर सापडेना." मी त्याच दिवशी थांबले. दुसऱ्या सकाळी तो हवा दाबून बघत म्हणाला, "जमलं की!" आणि शीळ वाजवत गेला. मी अडवलं नाही. माझ्याच्याने झालं नाही.

ओदिल


मोंतेग्रे, २६ नोव्हेंबर २०२३

प्रिय फेलिक्स,

आज पहिल्या ओळीत लिहिते: तू ये.

कारण सांगते. इथले शेतकरी सरकारवर चिडलेत. सरकार आज एक सांगतं, उद्या दुसरं, सगळा कारभार डोक्यावर उभा, म्हणून देशभर त्यांनी गावाच्या पाट्या उलट्या केल्या. दुसऱ्या गावांत नुसत्या उलट्या केल्या. आपल्या भागातली मंडळी जरा जास्त हुशार. त्यांनी पाट्या काढून अदलाबदल केली. मोंतेग्रेच्या वेशीवर 'लुर्सेल', लुर्सेलच्या वेशीवर आणखी कुठलं तरी. त्या दिवशी सकाळी बेकरीत हशा चालला होता. "चला, न हलता लुर्सेलकर झालो!" "मग बायकोही तिथलीच मिळणार का?" मीही हसले. अर्माँ सकाळी आठालाच बाहेर पडलेला आहे, हे हसताना माझ्या डोक्यातच आलं नाही.

तू आणि तो आयुष्यभर पाटीसाठी भांडलात. गाव दिसलं की उठायचं, दात-ओठ खाऊन पेडल मारायचं, आणि लाल काठाची पांढरी पाटी आधी कोण ओलांडतो ते बघायचं. सायकलवाल्याला गाव म्हणजे पाटी. चर्चचा मनोरा, तलाव, स्वतःची आळी, हे सगळं नंतर. आता तर तो पाटीवरच चालतो. बाकीचं पुसत चाललं आहे, अक्षरं वाचता येतात.

तर तो अकराच्या सुमाराला परत आला. आपल्या वेशीपर्यंत आला! आमची शेजारीण पेरोबाई बागेत पानं गोळा करत होती. तिने हाक मारली, "अर्माँ, सूप झालं असेल, पळा!" त्याने पाटी वाचली, टोपीला हात लावला आणि म्हणाला, "माफ करा बाई, चुकलो. मला मोंतेग्रेला जायचंय." आणि सायकल वळवली. तिला वाटलं, हाही पाट्यांचा विनोदच करतोय. ती पोट धरून हसली.

दुपारभर तो आपलं गाव शोधत होता, फेलिक्स. जिथे मोंतेग्रे लिहिलं होतं तिथेही पोचला. तिथल्या बाजारातल्या लोकांना विचारलं, "माझं घर कुठाय?" ते म्हणाले, "आजोबा, हे मोंतेग्रे नाही." हा पाटीकडे बोट दाखवून भांडला. मग पुढे गेला. पोलीस व्हॅनमधून घेऊन आले तेव्हा चार वाजून गेले होते. एकोणपन्नास किलोमीटरवर, बसच्या थांब्यात बसला होता. एका बाईने त्याला चीज आणि पाव दिलेला. तो त्याने खिशात ठेवला होता. माझ्यासाठी.

पोलिसाने सायकल उतरवून दिली. भला माणूस. म्हणाला, "मॅडम, आज विनोद होता म्हणून वर कळवत नाही. पुन्हा एकटा सापडला तर कळवावं लागेल. मग घरात ठेवायचं की संस्थेत, ते तुमच्या हातात राहणार नाही."

सायकल शेडमध्ये टांगली आहे. कुलूप घातलं आहे. किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात. तो रोज सकाळी कपडे घालून, बाटली भरून शेडपर्यंत जातो. "किल्ली कुठे गं?" मी म्हणते, "हरवली." तो म्हणतो, "शोध ना जरा." आणि मला शोधायचं नाटक करावं लागतं, दोघांनी मिळून, फडताळामागे, कुंड्यांखाली. जेवण निम्म्यावर आलंय त्याचं.

तुझे पाय अजून चालतात असं सेक्रेटरी म्हणाला. त्याच्याबरोबर जाईल आणि त्याला घेऊन येईल असा माणूस जगात एकच आहे. चुलीशेजारची खोली तुझीच आहे.

तो हॅमवरून आलेला राग सोड आता. एका डुकराच्या मांडीपायी दोन भाऊ बावीस वर्षं बोलत नाहीत हे कोणाला सांगितलं तर पटेल का?

तुझी वहिनी,
ओदिल


मोंतेग्रे, १२ डिसेंबर २०२३

फेलिक्स,

तुझं उत्तर नाही, आणि मला माहीत आहे का नाही. मागच्या पत्रात मी 'हॅमवरून आलेला राग' असं लिहिलं. ते लिहिताना माझा हात थांबला होता. तरी लिहिलं. राग हॅमचा नाही. आणि तुझा अर्माँवर रागच नाही. तू त्याच्या उत्तराची वाट बघून निघून गेलास.

क्लबची सप्टेंबरची शर्यत, शेवटचा टप्पा. लुर्सेलच्या पाटीच्या दोन किलोमीटर आधी अर्माँचं मागचं चाक फुटलं. त्याने हाक मारली. तुमचा नियम होता, एकाचं फुटलं की दुसरा थांबणार, मग पाटी कोणीही नेवो. तू थांबला नाहीस. पाटी मारलीस, बक्षिसाचा हॅम खांद्यावर घेतलास, आणि अर्माँ तासाभराने सायकल हातात धरून चालत आला. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हणाला, "मला भाऊ नाही." लोक हसले, त्यांना वाटलं दारू बोलतेय. तू उठून गेलास.

पुढच्या महिन्यात तुझं पत्र आलं. मंगळवार होता. अर्माँ सुतारकामाला गेला होता. पाकीट त्याच्या नावाचं होतं, आणि मी, सिस्टरांच्या शाळेत शिकलेली, दुसऱ्याचं पत्र हे देवघराइतकं पवित्र असं मानणारी, ते उघडलं. मला ते पाठ आहे. 'दादा, मला तुझी हाक ऐकू आली नाही. डावा कान तीन वर्षांपासून गेलाय. शाळेची बस चालवतो, काढून टाकतील म्हणून कोणाला बोललो नाही. तू डाव्या अंगाला होतास. मला वाटलं तू माझ्या मागेच आहेस, जोर लावतोयस. पाटी ओलांडून वळून बघितलं तर रस्ता रिकामा. एवढं तुलाच सांगतो. तू ये म्हण, मी येतो.'

मी ते शिवणयंत्राच्या खणात ठेवलं. देवाशपथ, एका आठवड्यासाठी. मग रविवार आला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि एकतीस वर्षं माझा रविवार म्हणजे मिठाशिवाय ठेवलेलं जेवण, गार होणारा रस्सा, आणि खिडकी. तुम्ही दोघं मातीने माखून तीनला यायचात, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, मी वाढायची. मूल नसलेल्या घरात रविवार फार लांब असतो. त्या रविवारी अर्माँ म्हणाला, "एकट्याने कुठे जाऊ? चल, डबा घे. तळ्यावर जाऊ." आम्ही गेलो. त्याने माझ्यासाठी पाणकणसं तोडली आणि गुडघ्यापर्यंत भिजला. पुढच्या रविवारीही गेलो. मग पत्र द्यायचं म्हणजे ते का दडवलं तेही सांगावं लागलं असतं. अशी बावीस वर्षं झाली.

तू एकदा लिहिलंस, पुन्हा नाही. मी हे सगळं आत्ता सांगते आहे, कारण मला तुझी गरज पडली आहे. यात काही चांगुलपणा नाही. माहीत आहे मला.

ओदिल


मोंतेग्रे, २१ जानेवारी २०२४

फेलिक्स,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या. 'त्याला सांग. तू स्वतः सांग. त्याने बोलावलं तर येईन.' आणि तुझा फोटो. मिशी पूर्ण पांढरी झाली रे.

मी सांगितलं. खणातलं पत्र काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं, रविवारांसकट. त्याने पत्र दोनदा वाचलं.

"डावा कान?"

"हो."

"मी डावीकडेच होतो, ओदिल." आणि मग त्याने टेबलावर मूठ आपटली. "गाढव! अगं, मुलं घेऊन जायचा तो बसमधून, बहिरा असून! मला सांगितलं असतं तर मी काय गावभर दवंडी पिटली असती?" तो हसत होता आणि डोळ्यांतून धार लागली होती. मग माझ्याकडे बघितलं. "आणि तू?"

मी पत्राची घडी घातली. तो संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. इतकी वर्षं याच शिक्षेला मी भीत होते. सूप पिताना म्हणाला, "लिही त्याला. म्हणावं, बहिऱ्या, ये. पाटी अजून बाकी आहे." मी त्याच्या हातावर हात ठेवला, त्याने काढून घेतला नाही. मला वाटलं, झालं. सुटले.

सकाळी कपडे घालून तो स्वयंपाकघरात आला. म्हणाला, "आज रविवार ना? फेलिक्स आला तर दार उघडू नकोस. हाक मारली तरी थांबला नाही तो."

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा पत्र, पुन्हा "डावा कान?", पुन्हा मूठ, पुन्हा "आणि तू?" दुसऱ्या सकाळी सगळं कोरं. फक्त ती दोन किलोमीटर कोरी होत नाहीत. पेरोबाईंचं नाव गेलं, माझं आडनाव गेलं, ते जात नाही.

सहा वेळा सांगितलं मी त्याला. चर्चमध्ये कबुली एकदा दिली की पाद्री हात उचलतो आणि संपतं. इथे मला रोज सकाळी नव्याने चोर व्हावं लागतं, आणि त्याला रोज नव्याने दुखावं लागतं, आणि हातात काही राहत नाही. सहाव्या दिवशी मी त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं, त्याच्याच अक्षरात: 'फेलिक्सला ऐकू आलं नव्हतं. त्याचा दोष नाही. अर्माँ.' फडताळाला लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते वाचलं, मान तिरकी करून, आणि म्हणाला, "अक्षर बाकी छान उतरवलंयस माझं. पण मी असं कधी लिहिणार नाही."

आता मी सांगत नाही. तू बोलावण्याची वाट बघतो आहेस. ते बोलावणं सहा वेळा आलं, फेलिक्स, दर वेळी संध्याकाळी. सकाळपर्यंत टिकलं नाही.

ओदिल


मोंतेग्रे, ३ मार्च २०२४

प्रिय फेलिक्स,

तू विचारतोस, तो मला दारातूनच हाकलणार असेल तर येऊन काय करू. मी आठवडाभर यावर विचार केला, आणि जे सुचलं ते लिहायला मला लाज वाटते.

काल त्याला तुझा फोटो दाखवला. कोण ते सांगितलं नाही. त्याने नीट बघितला. म्हणाला, "छाती दमदार आहे म्हाताऱ्याची. सायकलवाला दिसतो. आपल्या क्लबातला का?" त्याचा फेलिक्स काळ्या मिशीचा आहे, पन्नाशीही न गाठलेला. तू त्याला ओळखू येणार नाहीस.

तर असा ये. सायकल घेऊन ये, पण फेलिक्स म्हणून येऊ नकोस. मी सांगेन, क्लबने सोबतीला माणूस पाठवलाय. तो आधी तुझी सायकल बघेल, मग पोटऱ्या, मग हात पुढे करील. तूही हात पुढे कर, मिठी मारू नकोस. एवढं तुला जमेल का, मला माहीत नाही. मला जमलं नसतं.

रस्त्यावर तू त्याच्या डावीकडे राहा. मागून येणाऱ्या गाड्या डावीकडूनच पुढे जातात, त्या तुझ्या बाजूने जातील, आणि तो तुझ्या चांगल्या कानाकडे असेल. पाट्या आता परत जागेवर लावल्यात. तरी वेशीपाशी आलात की तूच म्हण, "आलं बुवा मोंतेग्रे," म्हणजे तो वळणार नाही.

आणखी एक. 'सासू' चढून झाल्यावर तो तुला सांगायला लागेल, की त्याला एक भाऊ होता. सगळ्यांनाच सांगतो. गोष्ट छोटी आहे, हॅमपर्यंत येते आणि संपते. तो तुझी तक्रार तुझ्याकडेच करील, आणि कदाचित रोज करील. मधे बोलू नकोस. खुलासा करू नकोस. नुसता ऐकून घे, आणि त्याच्या बाजूने चालवत राहा. याहून जास्त त्याच्यासाठी करता येण्यासारखं आता काही उरलेलं नाही, आणि हे तुझ्याकडे मागायचा मला हक्क नाही.

नाव विचारलं तर तोंडाला येईल ते सांग. आल्याबरोबर मलाही कळव, म्हणजे मी तेच वापरीन. शेडचं कुलूप मी काढून ठेवते.

तुम्ही निघाल तेव्हा मी गेटपर्यंत येणार नाही. हाक मारायची वेळ आली तर माझ्या तोंडून तुझं खरं नाव निघेल.

ओदिल